मेगापिक्सेल वाढले, मग फोटो सॉफ्ट काहून? वाचकांचे प्रश्न

या वेळी रिझोल्यूशनचेच प्रश्न जास्त आलेत, आणि बहुतेक नागपूरचे. लग्नसराई संपली की हातात पैसे असतात आणि नवीन बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) घ्यायची खाज सुटते, त्यामुळे असेल. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : महालात माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतो. आधी कॅनन १३००डी होता, १८ मेगापिक्सेलचा, आता १५००डी घेतला, २४ चा. तीच १८-५५ किट लेन्स दोन्हीला लावून गच्चीवरून समोरच्या दुकानाची पाटी काढली आणि कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून पाहिलं, तर जुन्याचाच फोटो जास्त शार्प दिसून राहिला. दुकानवाला म्हणते लेन्स बदला. मी फसलो का?

उत्तर : नाही फसलात, पण पाहायची पद्धत चुकली. १०० टक्के म्हणजे फोटोचा एक पिक्सेल तुमच्या मॉनिटरच्या एका पिक्सेलवर. १३००डी चा फोटो ५१८४ बाय ३४५६ चा आणि १५००डी चा ६००० बाय ४००० चा, म्हणजे १०० टक्क्यावर नव्या कॅमेऱ्याची पाटी तुम्ही मोठी करून पाहताय, आणि मोठी केली की लेन्सची, हाताची, फोकसची सगळी कसर उघडी पडणारच ना. दोन्ही फोटो एकाच मापाला आणा, मोठा ५१८४ वर खाली आणा किंवा लहान ६००० वर वर न्या, आणि मग शेजारी शेजारी लावा. त्याहून बरं म्हणजे दोन्हीची एकाच मापाची प्रिंट काढा.

आणि १८ चे २४ झाले म्हणजे एक तृतीयांश जास्त, हा हिशोब क्षेत्रफळाचा आहे. बारकावा लांबीवर मोजतात, तिथे ६००० भागिले ५१८४, म्हणजे फक्त १६ टक्के वाढ, तीही कागदावर. रिझोल्यूशन खरंच दुप्पट पाहिजे असेल तर मेगापिक्सेल चौपट लागतात, १८ चे ७२. हे दुकानात कोणी सांगत नाही कारण मग विकायचं काय. किट लेन्स पूर्ण उघडी असेल, म्हणजे तिचं भोक सगळ्यात मोठं असेल, आणि फोटो हातात धरून काढला असेल तर ते १६ टक्के कुठे गेले ते कळणारही नाही.

तुमच्या धंद्याचा हिशोब सांगतो. करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ चा, त्यात दोन्ही पानांवर एकच फोटो पसरवला तर ६००० भागिले ३६, म्हणजे इंचाला १६७ पिक्सेल, आणि जुन्या कॅमेऱ्याने १४४. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक कळतो असं धरतात, अल्बम मांडीवर घेऊन साधारण ६० सेंटीमीटरवरून पाहिला तर त्याचे होतात इंचाला १४५ च्या आसपास. म्हणजे तुमचा जुना कॅमेरा बरोब्बर काठावर होता आणि नवा थोडा वर आहे. नवरीची मावशी अल्बमला नाक लावून पाहणार असेल तर गोष्ट वेगळी. लेन्स बदलायचा सल्ला मात्र खोटा नाही, ५० एमएम एफ १.८ घ्या, एफ ४ ला वापरा (एफचा आकडा वाढला की लेन्सचं भोक लहान होतं), आणि मग त्याच दोन बॉडी परत लावून पहा.

प्रश्न : आम्ही इंजिनीअरिंगला आहोत, कॉलेजात फोटोग्राफी क्लब आहे. क्लबमधे निकॉनवाले आणि कॅननवाले असे दोन पक्ष आहेत आणि रोज भांडण. आम्हाला होस्टेलच्या रूमवर नीट टेस्ट करून एकदाचा निकाल लावायचाय. टेस्ट चार्ट नेटवरून घेऊन फ्लेक्सवर मोठा छापला तर चालेल का? आणि एफ २२ ला काढू ना, सगळं शार्प यायला?

उत्तर : फ्लेक्स अजिबात नको. फ्लेक्सचे ठिपके जवळून नुसत्या डोळ्यांना दिसतात, मग तुम्ही कॅमेऱ्याचं नाही तर फ्लेक्सवाल्याच्या मशीनचं रिझोल्यूशन मोजाल. झेरॉक्सवाल्याकडचा साधा ६०० डीपीआयचा लेझर प्रिंटर पुरतो, कसा ते पहा. ५० एमएम लेन्सने अडीच मीटरवरून फोटो काढला तर चित्र सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, साधारण ४९ पट लहान होतं. निकॉनच्या २४ मेगापिक्सेलच्या छोट्या सेन्सरवर एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे कागदावर तो ०.१९ मिलीमीटर झाला, आणि प्रिंटरचा ठिपका ०.०४ मिलीमीटरचा. ठिपका पिक्सेलच्या चौथ्या हिश्शाहून लहान आहे, चिंता नाही. अजून कडक पाहिजे तर दाढीचं नवं ब्लेड ट्रेसिंग पेपरवर चिकटवून मागून लाईट द्या, छापील काळ्या काठापेक्षा पोलादाची धार केव्हाही सरळ. त्याच अंतरावरून ब्लेडची ४ सेंटीमीटरची धार सेन्सरवर दोनशेएक पिक्सेल लांब येते, तेवढी मोजायला भरपूर झाली.

पूर्ण फ्रेम भरणारा एकच चार्ट पाहिजे असंही काही नाही. ए३ चा चार्ट फ्रेमभर घ्यायला ५० एमएम घेऊन मीटरभर अंतरावर यावं लागतं आणि इतक्या जवळ बऱ्याच लेन्स आपल्या बेस्टवर नसतात. त्यापेक्षा भिंतीवर मधोमध एक आणि चार कोपऱ्यांना चार असे काळे चौकोन लावा, प्रत्येक ५ अंशाच्या आसपास तिरका. तिरका कशाला, तर काठ पिक्सेलच्या ओळीशी समांतर राहिला की तो पिक्सेलच्या मधे पडतो की शिवेवर यावर उत्तर बदलतं, आणि तिरका केला की प्रत्येक ओळीत तो थोडा थोडा सरकतो आणि त्या सरकण्यातून सॉफ्टवेअरला पिक्सेलपेक्षाही बारीक मोजता येतं. आयएसओ १२२३३ नावाचं जे स्टँडर्ड २००० साली आलं (२०१४ ला त्याची नवी आवृत्ती निघाली) त्यातही हाच तिरक्या काठाचा प्रकार आहे. एमटीएफ मॅपर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते हे काठ शोधून आकडे काढून देतं.

आता एफ २२. हे कुठून डोक्यात येतं कळत नाही, डेप्थ ऑफ फील्ड (पुढचं-मागचं किती फोकसमधे राहतं ते) आणि शार्पनेस यांची खिचडी होते. भोक लहान केलं की प्रकाश पसरतो, याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि बिंदूचा बिंदू न राहता गोल डाग होतो. एफ ५.६ ला हिरव्या प्रकाशाचा तो डाग साधारण ७.५ मायक्रॉन, म्हणजे दोन पिक्सेल. एफ २२ ला ३० च्या जवळ, म्हणजे साडेसात पिक्सेल. अशा फोटोत १२ मेगापिक्सेल काय आणि २४ काय, सगळे एकाच पंगतीला बसतात. टेस्ट एफ ४ पासून सुरू करून एफ ५.६, एफ ८ अशी घ्या आणि जो सगळ्यात चांगला आकडा येईल तो त्या जोडीचा धरा.

भांडणाचं मूळ वेगळंच आहे. निकॉनवाला निकॉनची लेन्स लावणार, कॅननवाला कॅननची, मग जिंकलं कोण, बॉडी की लेन्स? यावर एक जुना जुगाड आहे. निकॉनच्या माउंटपासून, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते त्या कडीपासून, सेन्सरचं अंतर ४६.५ मिलीमीटर आणि कॅनन ईएफचं ४४, म्हणजे मधे अडीच मिलीमीटरची जागा मिळते, तिथे रिंग बसते आणि निकॉनची लेन्स कॅननवर चढते. उलटं जमत नाही. त्यासाठी अपर्चर रिंगवाली जुनी निकॉन लेन्स बघा, ५० एमएम एफ १.८ डी चालते, कारण रिंगने भोक हातानेच फिरवायचं असतं आणि फोकसही हातानेच. तीच लेन्स, तेच भोक, तेच दृश्य, फक्त बॉडी बदलली, याला म्हणायचं बॉडीची टेस्ट. एक लक्षात घ्या, कॅननचा छोटा सेन्सर २२.३ एमएम रुंद आणि निकॉनचा २३.५, म्हणून तेवढंच दृश्य फ्रेममधे घ्यायला कॅनन थोडा मागे न्यावा लागेल.

फोकस व्ह्यूफाइंडरमधून करू नका. तिथे फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा असतो आणि केसभर पुढेमागे असू शकतो. लाईव्ह व्ह्यू लावा, म्हणजे चित्र मागच्या स्क्रीनवर पहा, १० पट झूम करा, हाताने रिंग फिरवा, आणि प्रत्येक बॉडीला फोकस मोडून नव्याने लावत चारपाच फोटो काढा, त्यातला सगळ्यात चांगला घ्या. सरासरी नका काढू, आपल्याला कॅमेऱ्याची पोच पाहायचीय, तुमच्या बोटांची नाही. आयएसओ १००, रॉ फाईल (कॅमेऱ्याने आपला हात न फिरवलेली), दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद. कॅमेऱ्यातला आरसा आधी वर करायची सोय असेल तर ती वापरा, अर्ध्या सेकंदापासून १/६० पर्यंतच्या शटरला आरशाचा धक्का सगळ्यात जास्त जाणवतो. कॅमेरा भिंतीला समांतर आहे का पाहायला चार्टच्या मधोमध छोटा आरसा सपाट चिकटवा आणि व्ह्यूफाइंडरच्या मधल्या पॉइंटवर आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. यापेक्षा स्वस्त आणि अचूक काही नाही.

आणि कूलर बंद करा बाप्पा! एप्रिल-मे मधे टेस्ट करणार असाल तर हे पहिलं. खिडकीतल्या कूलरची हवा सरळ चार्टवर येते, कागद फडफडतो, आणि वर काढलेल्या हिशोबाने कागद १ मिलीमीटर बाजूला सरकला की सेन्सरवर पाच पिक्सेलची रेघ ओढली जाते. शिवाय त्या ओल्या हवेने साधा कागद तासाभरात फुगतो आणि तुमचे सरळ काठ वाकडे होतात. चार्ट फोमबोर्डवर सपाट चिकटवा, घाम पुसा, पाच मिनिटं सहन करा. वरच्या मजल्यावर असाल तर कोणाला चालू फिरू देऊ नका, फरशी हलते आणि ट्रायपॉडसोबत कॅमेराही हलतो.

प्रश्न : एका रिव्ह्यूत एलपी पर एमएम लिहिलेलं असते, दुसऱ्यात एलडब्ल्यू पर पीएच, तिसऱ्यात सायकल्स पर पिक्सेल. हे सगळे एकच आहेत का? कोणता आकडा मोठा तो कॅमेरा चांगला, असं धरायचं का?

उत्तर : एकच नाहीत, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गंडतात. लाईन पेअर म्हणजे एक काळी आणि एक पांढरी मिळून जोडी. लाईन विड्थमधे काळी वेगळी आणि पांढरी वेगळी मोजतात, म्हणून तो आकडा आपोआप दुप्पट. एलपी पर एमएम हा सेन्सरच्या एका मिलीमीटरवरचा हिशोब आहे आणि सेन्सर लहानमोठे असले की तो फसवतो. समजा लेन्स ५० जोड्या देते. छोट्या निकॉन सेन्सरची उंची १५.६ एमएम, तर पूर्ण फोटोच्या उंचीत १५६० लाईन विड्थ झाल्या, आणि २४ एमएम उंचीच्या फुल फ्रेमवर त्याच ५० जोड्यांच्या २४०० झाल्या. प्रिंट पूर्ण फोटोची काढतो ना आपण? मग पीएच, म्हणजे पिक्चर हाईटवाला आकडाच तुलनेला घ्या.

सायकल्स पर पिक्सेल (एक सायकल म्हणजे तीच काळ्यापांढऱ्याची एक जोडी) हा मघाच्या महालातल्या गोष्टीसारखा घोळ घालतो. समजा जुन्या १८ मेगापिक्सेलवाल्याचा एमटीएफ ५० आला ०.३३ आणि नव्याचा ०.३०. जुना जिंकला असं वाटेल. पण ०.३३ गुणिले ३४५६ गुणिले २ म्हणजे २२८१, आणि ०.३० गुणिले ४००० गुणिले २ म्हणजे २४००. जिंकला नवा. (एमटीएफ ५० म्हणजे काळ्यापांढऱ्याचा फरक निम्म्यावर येतो ती जागा, डोळ्यांना जो शार्पनेस वाटतो त्याच्याशी हा आकडा बऱ्यापैकी जुळतो.)

मोठा आकडा म्हणजे चांगला हे मात्र रॉ फाईलवरच खरं. कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपेगमधे कंपनीने आधीच शार्पनिंग मारलेलं असतं, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, आणि शार्पनिंगने एमटीएफ ५० सहज वर चढतो. ओळखायचं कसं, तर काळ्या काठाला लागून पांढरी लखलखीत किनार दिसली की समजा, मीठ जास्त पडलंय. रॉथेरपी किंवा डार्कटेबल दोन्ही फुकट आहेत, त्यात शार्पनिंग शून्यावर आणून दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाईली एकाच सेटिंगने उघडा.

सॉफ्टवेअर नको, डोळ्यांनीच पाहायचं असेल तर आयएसओ १२२३३ च्या चार्टवरचे निमुळते होत जाणारे रेषांचे पंखे पहा. बाजूला २० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ २००० लाईन विड्थ, पण चार्टची उंची फ्रेममधे बरोबर बसली असेल तरच. सुरुवातीला रेषा मोजा आणि टोकाकडे जा. जिथे त्यांची संख्या कमी भरते किंवा रेषा अचानक उलट्या दिशेला वळतात तिथे कॅमेरा थांबला. त्याच्या पुढे कडक रेषा दिसल्या तरी त्या खोट्या आहेत. ४००० पिक्सेल उंचीच्या फोटोत ४००० च्या वर खरा बारकावा काहीच येऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्याही आधी दम सुटतो, कारण सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतो. चारात दोन हिरवे, एक लाल, एक निळा, कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ च्या पेटंटमधे दिलेली ही मांडणी अजून बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे, बाकीचे रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरलेले असतात.

प्रश्न : लो पास फिल्टर नसलेला कॅमेरा घ्यावा का? साड्यांच्या दुकानाचं कॅटलॉगचं काम आहे, इतवारीत.

उत्तर : तुमच्या कामाला जपून. तो फिल्टर चित्र मुद्दाम किंचित पसरवतो म्हणजे बारीक विणीवर खोटे रंगीत पट्टे, मोआरे, कमी येतात. निकॉनने २०१२ मधे एकच ३६ मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन प्रकारांत काढला होता, डी८०० फिल्टरसकट आणि डी८००ई त्याचा परिणाम रद्द करून. चार्टवर ई वरचढ दिसायचा, पण बारीक चौकड्यांच्या कापडाला त्याच्यात मोआरेचा धोका जास्त. दुकानात जाताना तुमचा कॅमेरा न्या आणि सगळ्यात बारीक विणीचा सिल्कचा तुकडा दोनतीन अंतरांवरून काढून पहा, पट्टे एका ठराविक अंतरालाच उठतात.

प्रश्न : ताडोबाला दरवर्षी जातो. निकॉन डी७५० आहे, फुल फ्रेम. मित्र म्हणतो डी७२०० घे, वाघ मोठा येते. दोन्ही २४ मेगापिक्सेलचेच आहेत, मग फरक काहून पडावा? फुटाळा तलावाच्या काठावरून समोरच्या झाडांवर १५०-६०० लेन्सने टेस्ट केली दुपारी, दोन्ही सारखेच धुरकट आले.

उत्तर : मित्राचं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. लेन्स तीच, अंतर तेच, तर वाघाचं चित्र सेन्सरवर दोन्हीकडे सारख्याच मिलीमीटरचं पडतं. डी७५० चे पिक्सेल ६ मायक्रॉनचे आणि डी७२०० चे ३.९ चे, म्हणून त्याच वाघावर डी७२०० चे लांबीत दीडपट आणि क्षेत्रफळात सव्वादोनपट पिक्सेल बसतात. डी७५० चा फोटो तेवढाच क्रॉप केला तर हातात दहा-साडेदहा मेगापिक्सेल उरतात. पण वाघ फ्रेमभर आला, म्हणजे जिप्सीच्या बाजूनेच चालला, तर हा फायदा शून्य, उलट पहाटेच्या अंधारात मोठा सेन्सर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी देतो.

तुमची टेस्ट मात्र बाद. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून आणि पाण्यावरून जी हवा उठते ती प्रत्येक थराला प्रकाश वेगळा वाकवते, ६०० एमएमला ती थरथर सरळ दिसते, तिथे लाखाची लेन्सही धुरकटच देणार. दोन्ही सारखे धुरकट आले म्हणजे तुम्ही नागपूरच्या हवेचं रिझोल्यूशन मोजलं! शिवाय पानं हलतात, आणि ट्रायपॉडवर ६०० एमएमला नुसतं बटण दाबलं तरी चित्र उडी मारतं. सूर्य उगवायच्या वेळी जा, तीसचाळीस मीटरवर हलणार नाही असं काही निवडा, दगडी भिंत किंवा झाडाचं खोड, शटर १/१००० च्या वर ठेवा आणि प्रत्येक बॉडीवर फोकस लाईव्ह व्ह्यूने नव्याने लावा. जंगलातही हेच, दहा वाजल्यानंतर दूरच्या वाघाचे क्रॉप करायला फोटो काढण्यात फारसा अर्थ नाही, ते पाणवठ्याजवळ नेणाऱ्या गाईडलाही माहीत असतं. आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, चालू जिप्सीच्या दांडीवर लेन्स टेकवून कितीही मेगापिक्सेल घ्या, वाया जाणार.

प्रश्न : सेकंडहँड घेतोय, सीताबर्डीच्या दुकानात पाच मिनिटं मिळतील. चार्टबिर्ट नेता येणार नाही. काय पाहू?

उत्तर : पेपरचं छोट्या जाहिरातींचं पान न्या, पूर्ण उघडून चारही कोपरे टेपने भिंतीवर ताणून लावा. त्याच्यावर फोटो छापलेला नसलेला बरा, छपाईचे ठिपके आणि पिक्सेल मिळून भलतीच नक्षी काढतात. समोर सरळ उभे राहून, टेबलावर किंवा खुर्चीच्या पाठीवर कॅमेरा टेकवून, लेन्स पूर्ण उघडून एक आणि एफ ८ ला एक फोटो घ्या, आणि मागच्या स्क्रीनवर झूम करून मधला आणि चारही कोपऱ्यांतला मजकूर वाचून पहा. उघड्या लेन्सला चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालतं, एफ ८ ला ते सुधारले पाहिजेत. एकच कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा गेलेला असेल तर कॅमेरा उलटा धरून परत काढा. मऊ कोपरा आता पेपरच्या दुसऱ्या टोकाला गेला, म्हणजे फ्रेममधे तिथेच राहिला, तर लेन्स पडलेली असायची शक्यता जास्त. पेपरच्या त्याच टोकाला राहिला तर तुम्ही भिंतीला तिरपे उभे होता. लेन्सवर शंका आली की दुकानातलीच दुसरी लेन्स त्याच बॉडीवर लावायला सांगा, तीही त्याच कोपऱ्यात मऊ आली तर माउंट वाकलेलं असू शकतं, मग भाव करण्यात वेळ घालवू नका, दुसरी बॉडी मागा.